इंग्लंड सोडलेल्या पाद्र्याची मराठी ओवी

तारापूर म्हटले की आज १९६९ मध्ये सुरू झालेले अणुवीज केंद्र आणि बोईसरची औद्योगिक वसाहत डोळ्यांसमोर येते. समुद्राकाठचा जुना किल्ला सहसा कुणाला आठवत नाही. या किल्ल्यावर १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचे निशाण होते. शिरगाव, केळवे-माहीम, तारापूर, डहाणू ही सारी ठाणी वसई हे मुख्य ठिकाण असलेल्या ‘उत्तर प्रांता’त मोडत आणि या प्रांताला अखेरचा हुकूम गोव्याहून येई. महसूल, आरमार, चर्च, शाळा या सगळ्यांचे निर्णय तेथेच होत. लोकांनी देवाची प्रार्थना कोणत्या भाषेत करावी आणि देवाचे गाणे कोणत्या भाषेत गावे, हाही त्या काळी सरकारी आणि धर्मसत्तेच्या हुकमाचा विषय होता.

हुकमांच्या त्या काळात गोव्यात राहून मराठीत जवळपास अकरा हजार ओव्या रचणारा कवी जन्माने इंग्रज होता. फादर थॉमस स्टीफन्स हे त्यांचे नाव. मराठी वाचकाला ते ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणून ठाऊक आहेत. मराठीची त्यांनी केलेली स्तुती पाठ्यपुस्तकांतून आणि भाषणांतून अनेकांच्या कानावर पडलेली असते. त्यांनी आपला देश का सोडला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. भाषा आणि उपासना यांवरून ज्या देशात रक्त सांडले, त्या देशात त्यांचे बालपण गेले होते. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली, तर त्यांच्या ओवीचा अर्थ अधिक उलगडतो.

प्रार्थनेची भाषा बदलली

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुश्टन या खेड्यात झाला. त्यांचे वडील लंडनमधील व्यापारी होते. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पोपची सत्ता झुगारून स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरविले होते. पुढच्या सहा वर्षांत देशातील सगळे मठ बंद करण्यात आले. या मठांत दिवसातून अनेक वेळा लॅटिन स्तोत्रांचे गायन होत असे. मठ मोडले, जमिनी विकल्या गेल्या आणि शेकडो वर्षांची ती गायनपरंपराही थांबली.

हेन्रीनंतर त्याचा लहानगा मुलगा सहावा एडवर्ड गादीवर आला. त्याच्या कारकिर्दीत, जून १५४९ मध्ये, लॅटिन मिस्सा बंद होऊन देशभर इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले. लोकांना आपल्या भाषेतील प्रार्थना कळावी, हा सुधारकांचा हेतू होता. पण नैऋत्येकडील कॉर्नवॉल आणि डेव्हन या परगण्यांत या पुस्तकाविरुद्ध उठाव झाला. कॉर्नवॉलमधील अनेकांची भाषा कॉर्निश होती. लॅटिन त्यांच्या सवयीची होती आणि इंग्रजी त्यांना परकी वाटत होती. सरकारी फौजांनी उठाव मोडून काढला, त्यात हजारो माणसे मारली गेली. प्रार्थना लोकभाषेत आणताना ती कोणत्या लोकांची भाषा, हा प्रश्न तेथे असा निर्घृणपणे निकालात निघाला.

संगीतही बदलले. जॉन मर्बेक यांनी १५५० मध्ये नव्या प्रार्थनापुस्तकाला साध्या चाली दिल्या. शब्दाच्या एकेका अवयवाला बहुतेक ठिकाणी एकच स्वर, अशी त्यांची रीत होती. पूर्वीच्या गायनात एका अक्षरावर स्वरांची लांबलचक नक्षी विणली जाई आणि अनेक आवाज एकमेकांत गुंतत. त्यात शब्द हरवतात, अशी सुधारकांची तक्रार होती. एडवर्डनंतर १५५३ मध्ये राणी मेरीने लॅटिन उपासना परत आणली आणि १५५८ मध्ये गादीवर आलेल्या एलिझाबेथने ती पुन्हा हटविली. दहा वर्षांत उपासनेची भाषा तीनदा फिरली. थॉमस स्टीफन्स तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांचे होते.

एलिझाबेथच्या १५५९ च्या कायद्याने रविवारी चर्चला न जाणाऱ्यास बारा पेन्स दंड ठरला. त्याच वर्षीच्या आज्ञापत्रात चर्चमधील गायन शब्द स्पष्ट कळतील असे असावे, असे बजावण्यात आले. प्रार्थनेच्या आरंभी किंवा अखेरीस एखादे गीत गाण्याची मुभाही त्यात होती. या मुभेतून पद्यात उतरविलेली इंग्रजी स्तोत्रे सर्व मंडळींनी एकत्र गाण्याची प्रथा फोफावली. स्टर्नहोल्ड आणि हॉपकिन्स यांच्या नावाने ओळखला जाणारा असा संपूर्ण स्तोत्रसंग्रह १५६२ मध्ये छापला गेला आणि घरोघर पोहोचला. पूर्वी गायनवृंदाचे असलेले गाणे आता विणकर, शेतकरी आणि दुकानदार यांच्या तोंडी आले.

स्वतः राणीला मात्र जुन्या संगीताची आवड होती. तिच्या खासगी प्रार्थनामंदिरात थॉमस टॅलिस आणि विल्यम बर्ड हे थोर संगीतकार नोकरीस होते. या दोघांनी १५७५ मध्ये चौतीस लॅटिन गीतांचा संग्रह छापून राणीला अर्पण केला. बर्ड कॅथलिक होते. पुढे १५९० च्या दशकात त्यांनी मिस्सासाठी तीन रचना मुखपृष्ठाविना छापल्या. श्रद्धावान कॅथलिक कुटुंबे बंद दाराआड ज्या मिस्सा करीत, त्यांत गाण्यासाठी त्या होत्या.

रोमकडे, मग गोव्याकडे

अशा वातावरणात स्टीफन्स तरुण झाले. त्यांची गाठ थॉमस पाउंड या श्रीमंत कॅथलिक गृहस्थाशी पडली. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात दाखल होण्याचे ठरविले. संशय येऊ नये म्हणून स्टीफन्स पाउंड यांचे नोकर म्हणून वावरत. निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले. टॅलिस आणि बर्ड यांचा संग्रह निघाला त्याच साली, १५७५ च्या ऑक्टोबरात, ते येशूसंघात दाखल झाले. तुरुंगातील मित्राला त्यांनी विसरले नाही. त्यांच्या खटपटीने १५७८ मध्ये पाउंड यांनाही संघात घेतल्याचे पत्र धाडण्यात आले.

पूर्वेकडे जाण्याची त्यांची इच्छा वरिष्ठांनी मान्य केली. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा ताफा निघाला, त्यातून ते गोव्याकडे आले. सहा महिन्यांहून अधिक काळ चाललेल्या या सफरीनंतर २४ ऑक्टोबरला त्यांचे पाय गोव्याच्या भूमीला लागले. १० नोव्हेंबरला त्यांनी वडिलांना लिहिलेले सविस्तर पत्र पुढे रिचर्ड हॅक्लुइट यांच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले गेले. भारताच्या सागरी वाटेचा प्रत्यक्ष अनुभव इंग्रज वाचकांना मिळाला, त्यात या पत्राचा मोठा वाटा होता. भारतात येऊन स्थायिक झालेले नोंदीतील पहिले इंग्रज म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाते. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन होण्यास तेव्हा एकवीस वर्षे अवकाश होता.

परतीची वाट मात्र लवकरच बंद झाली. रोममध्ये तयार झालेल्या कॅथलिक धर्मगुरूने इंग्लंडमध्ये पाऊल ठेवणे १५८५ च्या कायद्याने राजद्रोह ठरले आणि त्याची शिक्षा मृत्यू होती. येशूसंघाचे एडमंड कॅम्पियन यांना १५८१ मध्येच लंडनला फाशी देण्यात आले होते. स्टीफन्स पुन्हा कधीही मायदेशी गेले नाहीत.

साष्टीतील चाळीस वर्षे

स्टीफन्स यांचे जवळपास सारे आयुष्य साष्टीत गेले. ही साष्टी म्हणजे मुंबई-ठाण्याची साष्टी नव्हे. गोव्यातील मडगाव आणि राशोल यांच्या परिसराचा तो तालुका आहे. तेथील येशूसंघाच्या विद्यालयाचे ते रेक्टर होते आणि अनेक गावांत त्यांनी धर्मगुरू म्हणून काम केले.

ज्या साष्टीत ते आले, ती जखमी होती. गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायालय सुरू झाले होते. १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडण्यात आली. जुन्या पोथ्या बाळगणे, पुराणे ऐकणे, सणवार पाळणे यांवर बंदी होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी नवे चर्च बांधण्यासाठी जागा पाहायला आलेल्या पाच जेझुइटांना ठार केले. त्यांचे मृतदेह मिळवून अंत्यविधी करण्याचे काम स्टीफन्स यांच्याकडे आले. पोर्तुगीजांनी त्याचा सूड उगवला. बोलणीसाठी म्हणून बोलावलेल्या गावप्रमुखांना मारण्यात आले. कुंकळ्ळीच्या लोकांच्या दृष्टीने हा देवळांसाठी दिलेला लढा होता आणि आज गोव्यात त्याचे स्मरण तसेच केले जाते. सक्तीमुळे घर सोडावे लागलेला हा माणूस येथे सक्ती करणाऱ्या राजवटीच्या आश्रयाने काम करीत होता. त्यांच्या चरित्रातील ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपला भाऊ रिचर्ड यास लिहिलेल्या पत्रात येथील भाषांविषयी एक नोंद केली. या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिन भाषांशी जुळणारी आहे, असे त्यांच्या ध्यानात आले होते. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याविषयीचे मत १७८६ मध्ये मांडले. त्याआधी दोनशे वर्षे एका पाद्र्याच्या कानाने हे साम्य टिपले होते.

१५८३ अखेर होर्मुझ येथे हेर समजून पकडलेले चार इंग्रज गोव्याच्या तुरुंगात आले. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स आणि चित्रकार जेम्स स्टोरी ही त्यांची नावे. राणी एलिझाबेथची ही प्रजा, तर स्टीफन्स तिच्या कायद्यांमुळे परागंदा झालेले. तरीही त्यांची जामिनावर सुटका व्हावी म्हणून स्टीफन्स यांनी खटपट केली आणि डिसेंबरात ते सुटले. स्टोरी काही काळ येशूसंघाच्या चर्चमध्ये चित्रे काढण्यासाठी राहिले. १६०८ मध्ये गोव्यात कैदेत पडलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल यानेही स्टीफन्स यांनी केलेल्या मदतीची आठवण लिहून ठेवली आहे.

पुराण हवे

नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना चर्चमध्ये लॅटिन मिस्सा मिळत होती. चर्चच्या शाळांत मुलांना लॅटिन गायन शिकविले जाई आणि सणांना वाद्यांची साथ असे. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६२-६३ मध्ये मिस्साची भाषा लॅटिनच राहील, हे पक्के केले होते. इंग्लंडमध्ये लॅटिन बंद झाली म्हणून देश सोडलेल्या स्टीफन्स यांना या निर्णयाविषयी काही शंका असण्याचे कारण नव्हते. पण त्यांच्यासमोर बसलेल्या माणसांची अडचण त्यांना दिसत होती. जात्यावर ओवी गाणाऱ्या, मंदिरात कथा-कीर्तन ऐकत वाढलेल्या या माणसांचे ऐकणे आणि गाणे दोन्ही हिरावले गेले होते. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी असा प्रसंग आहे की, एक ब्राह्मण येऊन पाद्रीगुरूला विनवितो की जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण द्या. सगळे काव्य या मागणीला दिलेले उत्तर म्हणून उभे आहे.

उत्तर देताना स्टीफन्स यांनी युरोपातील छंद आणला नाही. ज्ञानेश्वर आणि एकनाथ यांनी वापरलेली ओवी त्यांनी निवडली. एकनाथ त्यांचे समकालीन होते आणि १५९९ मध्ये पैठणला त्यांनी देह ठेवला. ओवी म्हणायला सोपी, कथा सांगायला सैल आणि गळ्यात बसणारी. एक जण सांगतो, बाकीचे ऐकतात, हा तिचा स्वभाव. अक्षर न ओळखणाऱ्या बाईच्याही ती पाठ होते.

‘ख्रिस्तपुराणा’चे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात छत्तीस अवस्वरू म्हणजे अध्याय असून विश्वाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा आहे. दुसऱ्यात एकोणसाठ अवस्वरू असून ख्रिस्ताचे चरित्र आहे. मंगळूर आवृत्तीच्या गणनेनुसार पहिल्यात ४,१८१ आणि दुसऱ्यात ६,७८१ अशा एकूण १०,९६२ ओव्या भरतात. भाषा ग्रांथिक मराठी आहे आणि तिच्यात कोंकणी शब्दांची पेरणी आहे. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात. फुले, पक्षी, वृक्ष, रत्ने यांच्या उपमा देत त्यांनी मराठीचा जो गौरव केला, तोही या पहिल्याच पुराणात येतो.

धर्मन्यायालय आणि आर्चबिशप यांच्या परवानग्या मिळवून १६१६ मध्ये हा ग्रंथ राशोल येथे छापण्यात आला. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला होता, पण मराठीच्या अक्षरांचे खिळे तेथे नव्हते. देशी लिपीत छपाई व्हावी यासाठी स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये रोमच्या वरिष्ठांना पत्र लिहिले होते. ते साधले नाही. परिणामी मराठीतील हे महाकाव्य रोमन लिपीत छापले गेले.

मिस्सा लॅटिनमध्येच राहिली. रविवारी आणि सणाच्या दिवशी मिस्सा संपली की त्याच चर्चमध्ये ख्रिस्तपुराण गायले जाऊ लागले. इंग्लंडच्या आज्ञापत्राने प्रार्थनेच्या आरंभी वा अखेरीस एक गीत गाण्याची मुभा दिली आणि तेवढ्या फटीतून लोकांचे गाणे आत शिरले. गोव्यात मिस्सानंतरची वेळ ही तशीच फट ठरली. ज्या सुधारणेमुळे स्टीफन्स यांना देश सोडावा लागला, तिचा गाभा लोकांच्या भाषेतील उपासना हा होता. त्या सुधारणेशी काडीचाही तह न करता त्यांनी तेच काम आपल्या मार्गाने केले. फरक एवढाच की, इंग्लंडमध्ये ते राजाज्ञेने वरून उतरले आणि साष्टीत ऐकणाऱ्यांच्या गरजेतून उभे राहिले.

१६१९ मध्ये गोव्यात त्यांचे निधन झाले. त्यांनी कोंकणीत प्रश्नोत्तररूपाने लिहिलेली ख्रिस्ती शिकवण १६२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे व्याकरण फादर दियोगु रिबैरू यांनी भर घालून १६४० मध्ये राशोललाच छापले. कोंकणीचे हे पहिले छापील व्याकरण होय.

भाषेवर बंदी

‘ख्रिस्तपुराणा’च्या पुढच्या आवृत्त्या १६४९ आणि १६५४ मध्ये निघाल्या. अडतीस वर्षांत तीन आवृत्त्या, हे त्या काळात मोठेच यश होते. उत्तर कोंकणच्या मराठी बोलीत फ्रान्सिस्कु वाझ द गिमारायश यांनी ख्रिस्ताच्या दुःखसहनावर असेच पुराण रचले. ते १६५९ मध्ये लिस्बनला छापले गेले आणि १८४५ मध्ये मुंबईत पुन्हा निघाले. वसई-मुंबई पट्ट्यातील ख्रिस्ती घरांत उपवासकाळात ते गायले जात असे.

पण वारा बदलत होता. जून १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला की गोव्यातील लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. धर्मगुरूंनीही पोर्तुगीजमध्येच शिकवावे, असे सांगण्यात आले. स्टीफन्स यांनी आयुष्यभर जे जोडले, ते या हुकमाने तोडले. आधीच्या पिढीतील पाद्री भाषा शिकून व्याकरणे लिहीत होते आणि आता भाषाच गुन्हा ठरली. कॉर्नवॉलच्या लोकांवर १५४९ मध्ये ओढवलेली स्थिती वेगळ्या रूपाने गोव्यात आली.

हुकमाने भाषा मेली नाही, ग्रंथ मात्र दुर्मीळ झाले. ‘ख्रिस्तपुराणा’च्या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. ते टिकले हस्तलिखितांतून आणि गळ्यांतून. गोव्याहून कानडी किनाऱ्यावर स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तप्रती सोबत नेल्या आणि मंगळूर भागात ते पिढ्यान्पिढ्या म्हटले जात राहिले. इकडे उत्तर प्रांतात चिमाजी अप्पांच्या मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये तारापूर आणि मे महिन्यात वसई मराठ्यांनी घेतली. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव हा शूर सरदार कामी आला. पोर्तुगीज सत्ता गेली, पण स्थानिक ख्रिस्ती समाज आणि त्याची मराठी गाणी येथेच राहिली.

हरवले आणि सापडले

जे. एल. सालढाणा यांनी जुन्या हस्तप्रतींवरून १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीत ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले. पुढे १९२० च्या दशकात मराठी संतसाहित्याचे अमेरिकन अभ्यासक जस्टिन अॅबट यांना लंडनमध्ये विल्यम मार्सडन यांच्या संग्रहात त्याची देवनागरी हस्तप्रत आढळली. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्यात निघाली आणि कॅरिडाड द्रागो यांची १९९६ मध्ये मुंबईत. या ग्रंथावर त्यानंतरही संशोधन होत आले आहे. गोव्यात पर्वरी येथील कोंकणी संशोधन केंद्राला थॉमस स्टीफन्स यांचेच नाव आहे.

त्यांच्याविषयी मतभेद आहेत आणि ते असणे साहजिक आहे. ओवी हे धर्मांतराचे साधन होते, असे काही अभ्यासक म्हणतात. ते खोटे नाही, कारण स्वतः स्टीफन्स यांनीही तो हेतू लपविलेला नाही. तथापि साधन म्हणून हाती घेतलेल्या भाषेवर त्यांचे प्रेम जडले, हेही ओव्या वाचणाऱ्याला जागोजाग दिसते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि त्या एकत्रच वाचाव्या लागतात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषा वापरण्यास मान्यता दिली. ट्रेंटनंतर चारशे वर्षांनी हा दरवाजा उघडला. १९९८ मध्ये वसईचे स्वतंत्र धर्मप्रांत झाले. वसईपासून पालघर, डहाणूपर्यंतच्या चर्चमधून आज मराठी मिस्सा आणि मराठी गीते ऐकू येतात. याच भागातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबलचा मराठी अनुवाद केला आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. मिस्सा संपल्यावर गाण्यासाठी म्हणून स्टीफन्स यांनी जी भाषा चर्चमध्ये आणली, ती आता मिस्साचीच भाषा झाली आहे.